पोलादावरचा तारा

विळ्याला पाणी देणे, फाळ शेवटून आणणे हे मराठीतले जुने शब्द. अवजार सगळंच्या सगळं कडक केलं तर ते तडकतं. म्हणून अंग चिवट ठेवायचं आणि झिजणारी कड तेवढी कठीण करायची, हे लोहाराला पूर्वीपासून ठाऊक आहे. वेल्डिंगमध्ये यालाच हार्डफेसिंग म्हणतात. कंपूत आमच्या घरामागच्या शेडमध्ये काका हे काम करतात. त्यांना विचारून जे समजलं ते सांगतो.

यातला नावाजलेला धातू म्हणजे स्टेलाइट. अमेरिकेतल्या एलवुड हेन्स यांना १९०७ मध्ये कोबाल्ट-क्रोमियमच्या या मिश्रधातूचं पेटंट मिळालं. ताऱ्यासारखा चमकतो म्हणून लॅटिन 'स्टेला'वरून हे नाव. स्टेलाइट ६ मध्ये क्रोमियम सुमारे २८ टक्के, टंगस्टन ४-५ टक्के, कार्बन १ टक्क्याहून थोडा जास्त आणि बाकी बहुतेक कोबाल्ट असतं. गार असताना साधी कानससुद्धा त्याच्याहून कठीण असते. पण लाल होईपर्यंत तापवली की कानशीचं पाणी उतरतं, स्टेलाइट मात्र टिकून राहतं. म्हणून इंजिनाच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर त्याचा थर देतात.

महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणत. आज आपण टोळक्याला म्हणतो. कोबाल्ट, क्रोमियम, टंगस्टन, कार्बन हाही एक कंपूच. त्यात खालचं लोखंड घुसलं की थर मऊ पडतो. सगळं कसब इथेच आहे. पोलाद वितळू द्यायचं नाही, नुसता घाम फोडायचा!

आधी गंज आणि तेल काढून पोलाद घासून चकचकीत करायचं, मग सगळा तुकडा सावकाश तापवायचा. गॅसच्या ज्योतीत अॅसिटिलीन जास्त ठेवायचं. मधल्या शुभ्र सुळक्याच्या साधारण तिप्पट लांब पिसारा दिसला पाहिजे. या ज्योतीतला कार्बन पृष्ठभागात शिरतो आणि तेवढाच पापुद्रा कमी उष्णतेत ओलसर चकाकू लागतो. त्या क्षणी कांडी टेकवली की धातू पाण्यासारखा पसरतो. शेवटी तुकडा कोरड्या चुन्यात किंवा राखेत पुरून हळूहळू निवू द्यायचा. पाण्यात बुडवला तर थराला भेगा पडल्याच म्हणून समजा.

आता घरच्यांसाठी महत्त्वाचं. २०१७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक ठरवला. थर घासताना उडणारी कोबाल्टची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते आणि तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. खरा फिल्टरवाला मास्क हवा, धूर बाहेर ओढणारा पंखा हवा. शेडमध्ये लहान मुलांना येऊ देऊ नये आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत.

आणि हो, मातीत घासणाऱ्या फाळाला इतका महाग कोबाल्ट लागत नाही; तिथे क्रोमियम कार्बाइडचा स्वस्त रॉड पुरतो. उष्णता, घर्षण आणि गंज एकत्र आले, तरच हा तारा परवडतो.