काल्हेरमध्ये घर मिळण्याआधी

घरभाड्याचे करार नोंदवून देणं हा माझा व्यवसाय. लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन मी लोकांच्या घरी जाते. भिवंडीजवळच्या काल्हेरहून कशेळीचा पूल ओलांडला की बाळकुम, म्हणजे ठाणे महापालिका. तिथल्या कराराला नोंदणी शुल्क 1000 रुपये. काल्हेरला ग्रामपंचायत, म्हणून 500. भाड्यात तर याहून कितीतरी मोठी तफावत.

ठाणं पुलापलीकडे असून काल्हेर स्वस्त का? शहरांची जकात चुकवायला व्यापाऱ्यांनी भिवंडीच्या या गावांत गोदामं बांधली, मागोमाग इमारती उठल्या. नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) आलं, तरी कित्येक इमारतींना भोगवटा दाखला नाही. दाखला नसला की बँक कर्ज द्यायला कां-कूं करते, गिऱ्हाईक कमी होतं, भाव उतरतो. वाचलेले पैसे मग पाण्याच्या टँकरवर जातात.

माझ्या फॉर्मात पॅन आहे, आधार आहे. जात-धर्माचा रकाना नाही. तो प्रश्न आधीच फोनवर उरकलेला असतो: “आडनाव काय? व्हेज की नॉनव्हेज?” भिवंडीत शिकवणाऱ्या एका मुस्लिम बाईंना घर पसंत पडलं होतं, टोकन द्यायचं तेवढं बाकी होतं. नाव कळताच मालक म्हणाले, “आमचा पुतण्या राहायला येतोय.” महिना उलटला तरी त्या दाराला कुलूपच होतं. मला याचा संताप येतो. भिवंडीने 1970 आणि 1984 च्या दंगली पाहिल्यात, लोकांच्या मनातली भीती मला कळते. पण या बाईंचा त्यात काय दोष? सोसायटीला सभासदत्व नाकारायला सबळ कारण लागतं, 1960 चा सहकारी संस्था कायदा तसं सांगतो. भाडेकरूला नाकारायला मालकाला कारण लागत नाही. चार दारं बंद झालेला माणूस पाचव्या दारी घासाघीस करत नाही, मागतील ते भाडं देतो.

गोदामातल्या हमालांच्या खोल्यांवर तर मला कुणी बोलावतच नाही. एकेका खोलीत सहा-सात जण, सगळा व्यवहार तोंडी. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार नोंदवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. लेखी करार नसेल, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं धरलं जातं. हे हमालांना कुणी सांगत नाही. मेट्रो 5 चं स्थानक काल्हेरला होतंय, भाडी वाढणारच. तेव्हा आधी यांनाच खोल्या सोडायला सांगतील. मालकांनी करार नोंदवायला आत्ताच बोलावावं. यंत्र घेऊन मी त्या खोल्यांवरही यायला तयार आहे.