हाताचा दम पाठीत
हालचालीचं शास्त्र : लेखांक 6

गेल्या आठवड्यात आपण खांद्याचा सांधा पाहिला. हात सरळ डोक्यावर जातो तेव्हा 180 अंशांपैकी ढोबळमानाने 120 अंश खांद्याच्या सांध्यातून मिळतात आणि 60 अंश फऱ्याच्या सरकण्यातून. हा फरा सरकतो बरगड्यांवर आणि बरगड्या जोडलेल्या असतात मणक्यांना. म्हणून आजचा प्रश्न : पाठ ताठर असेल तर धडधाकट तरुणाचाही हात लवकर थकतो का?

उत्तर शोधायला सुरतेसारखं गाव नाही. 14 आणि 15 जानेवारीला, उत्तरायणात, इथली तरुण पोरं दिवसभर गच्चीवर पतंग उडवत असतात. ढील द्यायची, खेचायचं, पुन्हा ढील द्यायची. हात खांद्याच्या वर, मान मागे, छाती पुढे. एरवी वर्षभर त्यांचं शरीर याच्या उलट वळलेलं असतं. लिंबायत, उधना, दिंडोलीतली आपली खानदेशी मुलं लूमवर किंवा साड्यांच्या घड्या घालताना पुढे वाकलेली. वराछा-कतारगाममधले रत्नकलाकार घंटीभोवती, म्हणजे हिरे घासायच्या यंत्राभोवती, बसलेले : हिरा सरणीवर, म्हणजे फिरत्या चकतीवर, टेकवायचा, उचलायचा, आयग्लासखाली निरखायचा, पुन्हा टेकवायचा. प्रत्येक वेळी मान खाली आणि पाठीला बाक.

हा बाक हाताला दोन वाटांनी आड येतो. पहिली वाट हालचालीची. हात डोक्यावर जाताना शेवटच्या टप्प्यात छातीमागचे मणके किंचित मागे झुकावे लागतात. ते झुकले नाहीत, तर फऱ्याला नीट फिरता येत नाही आणि खांद्याच्या स्नायूंना जादा जोर लावावा लागतो. पोक काढून बसलेल्या निरोगी माणसांचा हात बाजूने वर नेताना वीसहून अधिक अंश कमी उचलला जातो, असं मोजमापांत दिसलं आहे. आत्ता खुर्चीतच पोक काढून हात वर करून पाहा; मग ताठ बसून करा. फरक लगेच कळेल.

दुसरी वाट श्वासाची. छातीचे आणि फऱ्याभोवतीचे काही स्नायू एका टोकाला बरगड्यांना आणि दुसऱ्या टोकाला हाताला किंवा फऱ्याला जोडलेले असतात. हात अधांतरी धरला की ते त्याला तोलण्यात गुंततात, बरगड्या उचलायला कमी पडतात आणि श्वासपटलावरचा भार वाढतो. त्यात पाठ ताठर असेल तर बरगड्याही मोकळ्या फुलत नाहीत. म्हणूनच कपडे वाळत घालताना लागते तशी धाप सपाट रस्त्यावर चालताना लागत नाही.

पाठीची लवचिकता आणि हाताचा दम या दोन्ही गोष्टी मोजायला महागडं यंत्र लागत नाही. कमरेसाठी शोबर चाचणी : कमरेच्या दोन खळग्यांना जोडणाऱ्या रेषेच्या 10 सेंटिमीटर वर आणि 5 सेंटिमीटर खाली खूण करायची आणि पुढे वाकायला सांगायचं. 15 सेंटिमीटरचं अंतर निदान 20 व्हायला हवं. हाताच्या दमासाठी कड्यांची चाचणी : खांद्याच्या पातळीवर दोन खुंट्या, त्यांच्या 20 सेंटिमीटर वर आणखी दोन, सहा मिनिटांत किती कडी वर-खाली हलवली ते मोजायचं. ही चाचणी फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णांसाठी तयार झाली, पण निरोगी माणसांतही वापरता येते.

मात्र एक गल्लत टाळायला हवी. शोबर चाचणी कमरेची लवचिकता सांगते, तर हाताचा संबंध अधिक आहे तो छातीमागच्या मणक्यांशी. पायाचे अंगठे सहज धरणाऱ्या मुलाची वरची पाठ ताठर असू शकते. शिवाय हाताचा दम स्नायूंची ताकद, सराव आणि हृदय यांवरही अवलंबून असतो. पाठ हा त्यातला एकच घटक. पण विशीत ती अनेकांची दुखत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही आणि ती हळूहळू ताठर होत जाते. मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते.

उपाय सुटीच्या पाच मिनिटांत बसण्यासारखा आहे. खुर्चीची पाठ फऱ्यांच्या खालच्या टोकाशी येईल असं बसा, हात मानेमागे गुंफा आणि श्वास घेत वरची पाठ मागे झुकवा. कंबर वाकवू नका. दहा वेळा, कामाच्या दर दोन तासांनी. हाताला मुंग्या येत असतील किंवा पाठ दुखत असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. कारखानदारांनी तेवढी सुटी द्यावी, कारण ही पाठ त्या मुलांना अजून चाळीस वर्षं वापरायची आहे.

पुढच्या आठवड्यात : श्वासपटल.