राउंड हिरा घेताय? कॅरेट नंतर विचारा, आधी कट तपासा



हिऱ्यांच्या दागिन्यांचा छोटा व्यवसाय सुरू करायचा म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एक कॅरेटचा भाव काय चाललाय?" प्रश्न चुकीचा नाही, पण पहिला नाही. हातात दोन-अडीच लाखांचं भांडवल असेल आणि त्यातला मोठा भाग एका खड्यात जाणार असेल, तर पहिला प्रश्न हवा: "याचा कट कसा आहे?" कारण रंग आणि शुद्धता सारखी असूनही एक हिरा ट्रेमधून पटकन उचलला जातो आणि दुसरा वर्षभर तिजोरीत पडून राहतो. फरक बहुतेक वेळा कटचाच असतो.

कट म्हणजे आकार नव्हे

राउंड, ओव्हल, प्रिन्सेस हे झाले आकार. कट म्हणजे त्या आकारात पैलू कोणत्या कोनात आणि कोणत्या प्रमाणात पाडलेत ते. राउंड ब्रिलियंटला ५७ पैलू असतात, तळाच्या टोकाला क्युलेट असेल तर ५८. वरच्या भागाला क्राउन म्हणतात, खालच्या निमुळत्या भागाला पॅव्हिलियन आणि मधल्या कडेला गर्डल. सुरतेच्या कारखान्यांत क्राउनला 'मथाळा' आणि पॅव्हिलियनला 'तळिया' म्हणतात. व्यापाऱ्याच्या तोंडी हे शब्द आले तर गोंधळू नका.

चमक येते कुठून? प्रकाश वरून आत जातो, तळियाच्या एका बाजूवर आपटतो, तिथून समोरच्या बाजूवर जातो आणि परत वर आपल्या डोळ्यात येतो. म्हणजे तळिया हा आरसा आहे. कोन बिघडला की आरसा फुटला समजा. प्रकाश खालून नाहीतर बाजूने निघून जातो आणि हिरा काचेसारखा मरगळलेला दिसतो.

मग कारागीर चुकीचा कोन ठेवतो कशाला?

चुकून नाही, हिशोबाने. कच्चा हिरा महाग. पैलू पाडताना जेवढं वजन जाईल तेवढा पैसा भुकटीत जातो. शिवाय बाजारात भावाच्या पायऱ्या आहेत. ०.९९ कॅरेटपर्यंत एक दर आणि १.०० ला लगेच वरचा दर. त्यामुळे वजन वाचवायला हिरा पोटात खोल ठेवला जातो.

आपण हिशोब करून बघू. दर फक्त उदाहरणासाठी धरलेत.

पहिला हिरा: १.०० कॅरेट, व्यास ६.३ मिमी, खोली ६५.५ टक्के. दर कॅरेटला २,००,००० रुपये, म्हणजे किंमत २,००,०००.

दुसरा हिरा: ०.९४ कॅरेट, व्यास तोच ६.३ मिमी, खोली ६१.५ टक्के. दर १,७०,००० रुपये, म्हणजे किंमत १,५९,८००.

अंगठीत बसवल्यावर वरून दोन्ही सारखेच मोठे दिसणार. पहिल्याचे जास्तीचे ६ सेंट पोटात लपलेत, आणि त्यापायी ४०,२०० रुपये जास्त गेले. आता व्यापारी म्हणेल, "कट जरा कमी आहे म्हणून तुम्हाला २० टक्के सूट देतो." खूश होऊ नका. २० टक्के सूट मिळाल्यावर तुम्ही फक्त दुसऱ्या हिऱ्याच्या किमतीला आलात, आणि चमक तर अजून कमीच आहे. सूट किती यापेक्षा ती कशाबद्दल आहे ते बघा.

सर्टिफिकेट कसं वाचायचं

१. मापं. समजा लिहिलंय ६.४३ – ६.४७ × ३.९८ मिमी. पहिले दोन आकडे सर्वात लहान आणि सर्वात मोठा व्यास. त्यांच्यात फार फरक असेल तर हिरा नीट गोल नाही. तिसरा आकडा खोली. ३.९८ ला सरासरी व्यासाने, म्हणजे ६.४५ ने भागा: ६१.७ टक्के. चांगल्या कटचा एक कॅरेट साधारण ६.४ ते ६.५ मिमी असतो, हा आकडा पाठच करा.

२. पॅव्हिलियनचा कोन. सर्वात आधी हाच बघा. ४०.६ ते ४१ अंश ही सुरक्षित जागा. इथे अर्ध्या अंशाचा फरकसुद्धा दिसतो.

३. क्राउनचा कोन. ३४ ते ३५ अंश. हे दोन कोन जोडीने वाचायचे. क्राउन थोडा चढा असेल तर पॅव्हिलियन थोडा उथळ हवा. दोन्ही चढे असतील तर तो हिरा बाजूला ठेवा.

४. टेबल आणि खोली. टेबल ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली ५९ ते ६२.५ टक्के.

५. गर्डल. 'थिन' ते 'स्लाइटली थिक' चालतं. फार पातळ असेल तर सेटिंग करताना कड उडण्याची भीती, आणि फार जाड असेल तर तुम्ही कडेच्या वजनाचे पैसे देताय.

हे आकडे आले कुठून? मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली गणित मांडून टेबल ५३ टक्के, क्राउन ३४.५ अंश आणि पॅव्हिलियन ४०.७५ अंश अशी मापं दिली. आजच्या शिफारशी त्याच्याच आसपास फिरतात.

'थ्री एक्स' आहे, मग काळजी कशाला?

काळजी आहे. थ्री एक्स म्हणजे कट, पॉलिश आणि सिमेट्री तिन्ही एक्सलंट. पण जीआयएच्या एक्सलंटची चौकट बरीच रुंद आहे. पॅव्हिलियनचा कोन ४१.८ पर्यंत गेला तरी बाकीची मापं जुळल्यास एक्सलंट मिळू शकतं. शिवाय सर्टिफिकेटवरचे कोन सरासरीचे असतात आणि जवळच्या आकड्याला नेलेले असतात: क्राउन अर्ध्या अंशाला, पॅव्हिलियन ०.२ अंशाला. म्हणून कागद वापरा तो नको असलेला माल गाळण्यासाठी. निवड डोळ्यांनी करायची.

आणखी एक. जीआयएची कट श्रेणी २००६ पासून सुरू झाली. त्याआधीच्या कागदावर ती नसणारच. जुना हिरा घेताना नवीन तपासणी करून घ्या.

डोळ्यांची परीक्षा

ज्वेलरी दुकानातल्या स्पॉटलाइटखाली सगळंच लखलखतं. ते दिवे त्यासाठीच लावलेले असतात. म्हणून हिरा ट्यूबलाइटखाली बघा, खिडकीजवळ बघा आणि टेबलाखालच्या सावलीत बघा. सावलीतही जो जिवंत वाटतो तो चांगला.

मग १० पट लूप घ्या. टेबलातून बघताना आत राखाडी गोल कडं दिसलं तर पॅव्हिलियन फार उथळ आहे. याला 'फिश आय' म्हणतात. मधोमध काळा डाग दिसला तर पॅव्हिलियन फार खोल, म्हणजे 'नेलहेड'. गर्डलवर लेझरने नंबर कोरलेला असेल तर तो सर्टिफिकेटशी जुळवून बघा. चांगला कागद आणि दुसराच हिरा, असा सौदा नको.

लॅबग्रोन घेणाऱ्यांनाही हेच नियम. उलट तिथे अजून कडक राहा. कच्चा माल स्वस्त असताना वजन वाचवायला कट बिघडवण्याचं कारणच उरत नाही.

धंद्याच्या बाजूने

गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं तेव्हा त्याला पॅव्हिलियन माहीत नसतं. साखरपुड्याच्या अंगठीसाठी साठवलेले पैसे ते तुमच्या शब्दावर ठेवतं. पाच वर्षांनी तीच अंगठी बदलायला ते दुसऱ्या दुकानात गेलं आणि तिथे कोणी म्हणालं, "वजन आहे, पण हिरा मेलेला आहे," तर ते कुटुंब परत तुमच्या पायरीवर येणार नाही. नव्या दुकानदाराकडे नाव नसतं, जाहिरातीला पैसा नसतो. त्याच्याकडे एवढी एकच गोष्ट असते की दिलेला माल खरा निघतो. ती ६ सेंटसाठी घालवू नका.

या आठवड्याचं काम: ओळखीच्या सराफाकडे जा. जवळपास एकाच वजनाचे तीन राउंड हिरे मागा, कागद उलटे ठेवायला सांगा. सावलीत बघून क्रम लावा आणि वहीत लिहा. मग कागद उलटा आणि कोन वाचा. असं दहा वेळा करा. अकराव्या वेळी किंमत विचारायच्या आधी तुमचा हात योग्य हिऱ्याकडे जाईल.