खाते बंद, हक्क नव्हे

१९४५ साली तलासरी तालुक्यातील झरी येथे वारली शेतकऱ्यांनी वेठ नाकारली. आज वारली चित्रे ऑनलाइन बाजारपेठेतही विकली जातात. तेथे कंपनीने विक्रेत्याचे खाते एकाएकी बंद केले, पैसेही अडकवले, तर काय करावे?

प्रथम करारातील अटी, बिले व पत्रव्यवहार यांच्या प्रती जपाव्यात आणि कारण व हिशेब लेखी मागावा. करारात बहुधा लवादाची अट असते. तसे असल्यास १९९६ च्या लवाद कायद्यान्वये नोटीस द्यावी. कलम ९ खाली न्यायालयाकडे तातडीचा हुकूमही मागता येतो. कंपनीने एकटीनेच नेमलेल्या लवादाला हरकत घेता येते. सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निर्णय त्यास आधार आहे. संपविता येण्याजोगा करार पुन्हा चालू करून मिळणे अवघड असते, हे खरे. परंतु विकलेल्या मालाचे पैसे खातेबंदीने बुडत नाहीत. त्यांच्या वसुलीची मुदत साधारणतः ३ वर्षे असते.

वकिलाची फी कोठून आणावी? १९८७ च्या विधी सेवा कायद्यान्वये स्त्रिया व अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा, आणि शक्य तर चौघांनी मिळून जावे. एकट्याचा अर्ज फायलीत निजतो, चौघांचा सहसा निजत नाही.