परदेशातील जलक्रीडा : जोखीम कोणाच्या खाती?

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. दक्षिणेकडून वाहणारी गोदावरी, जिला आपण गंगाखेडच्या काठावर 'गंगा'च म्हणतो, जिंतूर तालुक्यातील येलदरीचे धरण आणि पूर्णा-दुधना या नद्या, एवढाच काय तो आपला मोठ्या पाण्याशी परिचय. त्यातही उन्हाळ्यात वाळवंट अधिक आणि पाणी कमी. मोंढ्यात, सराफ्यात आणि कापडाच्या पेढीवर ज्यांचे आयुष्य गेले त्या आपल्या वडीलधाऱ्यांपैकी पोहता येणारे किती, हे प्रत्येक घराने बोटांवर मोजून पाहावे.

असे असूनही गेल्या काही वर्षांत आपल्या कुटुंबांच्या सहलींचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी प्रवास म्हणजे तीर्थयात्रा. फार तर परतीच्या वाटेवर एखादे थंड हवेचे ठिकाण. आता दिवाळीनंतर किंवा शाळेच्या सुट्टीत थायलंड, बाली, मॉरिशस, मालदीव, दुबई अशी स्थळे ठरतात आणि सहलीच्या पत्रकातच पॅरासेलिंग, जेट-स्की, बनाना बोट, स्नॉर्केलिंग, स्कुबा डायव्हिंग यांचा समावेश असतो. नव्या पिढीने पाण्याची भीती सोडावी, सुनांनी आणि लेकींनीही समुद्राच्या तळाशी जाऊन निसर्गाचे ऐश्वर्य पाहावे, हे स्वागतार्हच आहे. प्रश्न धाडसाचा नाही. हे धाडस करताना आपण आपली व्यापारी बुद्धी हॉटेलच्या खोलीत ठेवून किनाऱ्यावर जातो की काय, हा आहे.

जोखमी हुंडीचा धडा

वाणिज्य शाखेच्या जुन्या विद्यार्थ्यांना हुंडीचे प्रकार आठवत असतील. दर्शनी हुंडी, मुदती हुंडी, शहाजोग हुंडी आणि त्यांतच एक जोखमी हुंडी. जहाजावर माल चढविणारा व्यापारी, तो माल ज्याच्याकडे जायचा त्याच्यावर ही हुंडी लिहीत असे आणि सराफ किंवा दलाल ती कमी किमतीत विकत घेत असे. माल सुखरूप पोहोचला तर हुंडीचे पैसे मिळत. गलबत बुडाले तर ज्याच्यावर हुंडी लिहिली त्याच्यावर देण्याचे बंधन नसे. तोटा हुंडी धारण करणाऱ्याचा. किंमत कमी घेतली जाई ती या जोखमीपोटीच. म्हणजे एकाच कागदात हुंडीही आली आणि विमाही आला.

ज्यांनी ही पद्धत घडविली ते समुद्राला भिणारे नव्हते. परंतु गलबत बंदरातून हलण्यापूर्वी, बुडाल्यास तोटा कोणाच्या खाती पडणार, हे त्यांनी कागदावर निश्चित केलेले असे. आपल्या बोलीत 'जोखीम' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक धोका आणि दुसरा, अंगावर बाळगलेला मौल्यवान ऐवज. बालीच्या किंवा फुकेतच्या किनाऱ्यावर आपण नातवंडांना पाण्यात उतरवतो तेव्हा हे दोन्ही अर्थ एकत्र आलेले असतात.

कागद आधी, पाणी नंतर

जलक्रीडेच्या ठिकाणी पैसे भरल्यावर एक छापील कागद पुढे येतो. त्यावर नाव, वय, हॉटेलचा खोली क्रमांक आणि खाली सही. बहुतेक जण तो न वाचता सही करतात. त्या कागदात सामान्यतः दोन गोष्टी असतात. पहिली, आपल्याला अमुक आजार नाहीत अशी आपली घोषणा. दुसरी, काही बरेवाईट झाल्यास चालक जबाबदार राहणार नाही अशी आपली संमती. जोखमी हुंडीत जोखीम घेणाऱ्याला तिचा मोबदला मिळत असे. येथे मोबदलाही आपणच देतो आणि जोखीमही आपल्याच खाती लिहून घेतली जाते.

मी बँकेत असताना कर्जदाराला जामीनपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचण्याचा आग्रह धरीत असे. तोच आग्रह किनाऱ्यावर धरावा. कागद इंग्रजीत असेल तर घरातील मुलांकडून समजून घ्यावा. वाचायला पाच मिनिटे मागितल्यावर जो चालक चिडतो, त्याच्याशी व्यवहार करू नये.

त्यानंतर विम्याची पॉलिसी. परदेश प्रवासाचा विमा आपण व्हिसासाठी किंवा सहल कंपनी सांगते म्हणून घेतो. अपवादांचे कलम कोणी उघडत नाही. अनेक पॉलिसींत साहसी खेळांतील दुखापत वगळलेली असते किंवा वेगळा हप्ता भरल्यासच तिचा समावेश होतो. काहींत प्रशिक्षकाच्या देखरेखीखालील हौशी खेळ चालतात. परंतु स्कुबाच्या खोलीला मर्यादा असते. निघण्यापूर्वी विमा कंपनीला पत्र किंवा ई-मेल पाठवून तीन प्रश्न विचारावेत. आम्ही करणार आहोत ते खेळ यात येतात काय? रुग्णाला दुसऱ्या शहरात किंवा मायदेशी हलविण्याचा खर्च मिळतो काय? पूर्वीचे रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांची नोंद घेतली आहे काय? उत्तर लेखी घ्यावे. तोंडी आश्वासन दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

तिसरा कागद म्हणजे पासपोर्ट. थायलंडच्या काही किनाऱ्यांवर जेट-स्की परत केल्यावर 'ओरखडा पडला, भरपाई द्या' असा तगादा लावण्याचे प्रकार पूर्वीपासून घडत आलेले आहेत. वाहन घेण्यापूर्वी चारही बाजूंनी, चालकाच्या देखत, त्याची छायाचित्रे काढावीत. आणि पासपोर्ट तारण म्हणून कदापि देऊ नये. १९६७ च्या पासपोर्ट अधिनियमाच्या १७ व्या कलमानुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. जी वस्तू आपल्या मालकीची नाही ती गहाण ठेवता येत नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

पाण्याखालचे गणित

या सर्व खेळांत स्कुबा डायव्हिंग सर्वांत मोहक आणि सर्वांत शिस्तीचे. १९४३ साली जाक कूस्तो आणि एमील गान्यां या फ्रेंच जोडीने पाठीवरच्या नळकांड्यातील हवा श्वासागणिक पुरविणारे उपकरण सिद्ध केले आणि सामान्य माणसाला समुद्राच्या पोटात जाणे शक्य झाले. उपकरण कितीही उत्तम असले तरी पाण्याचा दाब कोणाला सवलत देत नाही. पृष्ठभागावर आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो. समुद्रात १० मीटर खाली तो दुप्पट आणि २० मीटरवर तिप्पट होतो. म्हणून १० मीटरवर भरून घेतलेला श्वास रोखून कोणी घाईने वर आला, तर फुप्फुसांतील हवा दुपटीने फुगू पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. 'श्वास कधीही रोखू नका' हा स्कुबाचा पहिला नियम याच गणितातून आला आहे. घाबरलेला मनुष्य नेमका श्वासच रोखतो. म्हणून उथळ पाण्यातील सराव अर्ध्यावर सोडून खोल पाण्यात नेणाऱ्या प्रशिक्षकाला स्पष्ट नकार द्यावा.

कानांचेही तसेच. खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारीत कानांतील दाब समान करावा लागतो. सर्दीने नाक चोंदले असेल तर हे साधत नाही आणि पडद्याला इजा होते. बालीतील तांजुंग बेनोआ येथे आमच्या नातीची पाळी आली, त्या सकाळी तिला सर्दी होती. चालक म्हणाला, 'काही होत नाही.' पैसे परत मिळणार नाहीत, हेही त्याने सांगितले. आम्ही ती रक्कम खर्ची टाकली आणि मुलीला काठावर शहाळे घेऊन दिले. ती दिवसभर रुसली. संध्याकाळी जेवताना हसली. त्या सहलीत इतका किफायतशीर खर्च दुसरा झाला नाही.

पोहता न येणाऱ्या नवशिक्यांसाठी प्रशिक्षकासोबतची छोटी डुबकी असते. पाडी या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थेच्या नियमांप्रमाणे अशा डुबकीत १२ मीटरहून खोल नेत नाहीत आणि वय किमान १० वर्षे लागते. दमा, हृदयविकार, झटके, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल किंवा गर्भावस्था असेल, तर ते लपवू नये. तो कागद चालकाला खूश करण्यासाठी नसतो. निर्जळी उपवासाच्या दिवशीही पाण्यात उतरू नये; शरीरातील पाणी कमी असताना डुबकी मारणे धोक्याचे असते. व्रत आणि डुबकी यांना वेगवेगळे दिवस द्यावेत.

आणखी एक गोष्ट सहलीचे वेळापत्रक आखतानाच पाहावी लागते. खोल पाण्यात दाबामुळे रक्तात नायट्रोजन विरघळतो. तो सावकाश बाहेर पडला पाहिजे. डुबकीनंतर लगेच विमानात बसल्यास कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. म्हणून एका साध्या डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्या किंवा अनेक दिवसांच्या डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा डुबकी-वैद्यकातील मान्य संकेत आहे. स्कुबा सहलीच्या आरंभी ठेवावे, अखेरच्या दिवशी नव्हे.

ऋतू पाहून घर सोडावे

आपल्या मुलांच्या सुट्ट्या आणि परदेशातील समुद्राचे ऋतू एकमेकांना विचारून ठरत नाहीत. मे ते ऑक्टोबर हे महिने फुकेतच्या किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वाऱ्यांचे. त्या काळात किनाऱ्यावर लाल निशाण दिसले की पाण्यात उतरायचे नाही, मग पाणी कितीही शांत भासो. ५ जुलै २०१८ रोजी याच समुद्रात 'फिनिक्स' नावाची पर्यटकांची नौका वादळात उलटली आणि ४७ चिनी पर्यटक मृत्युमुखी पडले. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम असतो. मॉरिशसला नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ. तिकिटे काढण्यापूर्वी एवढे पाहणे म्हणजे पेरणीपूर्वी पंचांग पाहण्यासारखेच आहे.

ओढीच्या प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहत राहून दमू नये. किनाऱ्याला समांतर सरकत प्रवाहाबाहेर यावे. ते न जमल्यास तरंगत राहून हात वर करावा. स्नॉर्केलिंग सर्वांत सोपे वाटते. म्हणून साठीच्या पुढची मंडळी त्याला निर्धास्तपणे होकार देतात. परंतु हवाई बेटांवर पर्यटकांच्या बुडून होणाऱ्या मृत्यूंत स्नॉर्केलिंग हे एक प्रमुख कारण आहे. पाय टेकतील तेथेच, जोडीदारासह आणि दम लागताच थांबून, एवढे पथ्य पुरे. पॅरासेलिंगला वारा झोताझोताने येत असेल किंवा आकाशात विजा असतील तर जाऊ नये. लाइफ जॅकेट अंगाबरोबर बसणारे हवे आणि त्याचे पट्टे बांधलेले हवेत. छायाचित्रासाठी ते सैल करू नये.

जीवदया पाण्यातही

प्रवाळ हा दगड नव्हे, ती सूक्ष्म जीवांची वसाहत होय. घुमटासारखे काही प्रवाळ वर्षाला अवघे काही मिलिमीटर वाढतात. त्यांच्यावर पाय ठेवल्यास कित्येक वर्षांची वाढ क्षणात मोडते. छायाचित्रासाठी तारामासा पाण्याबाहेर काढणे, कासवाला पकडणे, माशांना पाव चारून गोळा करणे, हे सर्व चालक हौसेने करून दाखवितात. आपण 'नको' म्हणावे. पालाऊ या बेटराष्ट्राने १ जानेवारी २०२० पासून प्रवाळास घातक द्रव्ये असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली. हवाईनेही २०२१ पासून अशा काही सनस्क्रीनची विक्री थांबविली. त्याऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घातला की उन्हाचाही प्रश्न मिटतो आणि जीवहिंसाही टळते.

तालीम घरच्या पाण्यात

परदेशात एकदम खोल पाण्यात उतरण्यापूर्वी तालीम आपल्याच राज्यात करता येते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणजवळ तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. तेथे शिकविणारा आपल्या भाषेत बोलतो आणि शंका विचारताना संकोच वाटत नाही. रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिका नदीवर, जलविद्युत केंद्रातून सोडलेल्या पाण्यात राफ्टिंग चालते. नदीच्या खळाळाची प्रत एक ते सहा अशी मोजतात, हे तेथे कळले की झांबेझीच्या पाचव्या प्रतीच्या प्रवाहाचे पत्रक पाहून कोणी भुलणार नाही. अर्थात घरचे पाणी म्हणून बेफिकिरी नको. मे २०२२ मध्ये तारकर्लीलाच स्कुबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटून दोघांचे प्राण गेले. आणि येलदरीचे धरण किंवा गोदावरीचे डोह ही तर तालमीची जागा नव्हेच. तेथे ना जीवरक्षक, ना खोलीचा अंदाज.

खरी तालीम पोहण्याची. पुण्याचा रोहन मोरे इंग्लिश खाडीसह जगातील सात कठीण सागरी खाड्या पोहून पार करणारा पहिला आशियाई ठरला, तो २०१८ साली. अशा मोहिमांत पोहणाऱ्यासोबत होडी असते आणि तिच्या नाखव्याचा शब्द अखेरचा असतो. त्याने 'पुरे' म्हटले की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही पाण्याबाहेर यावे लागते. सात समुद्र जिंकणाऱ्याला जे बंधन मान्य, ते चार दिवसांच्या पाहुण्यांना जड का वाटावे?

पुढील सहलीची आखणी करताना घरातील कर्त्या माणसाने एका कागदावर चार ओळी लिहाव्यात. घरातील कोणाला पोहता येते. कोणाला कोणता आजार आहे. विम्यात काय बसते. आणि 'आता पुरे' हा शब्द कोणाचा अखेरचा राहील. ज्याला या ओळी भरता येतील त्याने निःशंक मनाने समुद्रात उतरावे. ज्याला त्या भरता येणार नाहीत त्याने या वर्षी किनाऱ्यावर बसून लाटा पाहाव्यात आणि परतल्यावर मुलांची नावे पोहण्याच्या वर्गात घालावीत. समुद्र पुढच्या वर्षीही तेथेच असणार आहे.