मांजराची नखे

थंडीच्या दिवसांत एखादा मुलगा रात्री पुस्तक घेऊन अभ्यासाला बसतो. घरातले मांजर हळूच येते, त्याची मांडी बळकावते आणि डोळे अर्धवट मिटून घुरघुर करू लागते. मुलाला त्याचे कौतुक वाटते. इतक्यात मांजराचे पुढचे दोन पाय आळीपाळीने खालीवर होऊ लागतात. आई परातीत कणीक तिंबते, तशी ते मुलाची मांडी तिंबू लागते. प्रत्येक दाबाबरोबर त्याची अणकुचीदार नखे कापडातून आत रुततात. मुलगा कळवळून मांजराला झटकून टाकतो, आणि मांजर बिचकून पळून जाते. जवळ घेतले तरी ओरबाडणारा कृतघ्न प्राणी, असा शिक्का त्याच्यावर बसतो.

हा शिक्का किती अन्यायाचा आहे, हे या सवयीचे मूळ पाहिले म्हणजे कळून येते. नुकत्याच जन्मलेल्या पिलांचे डोळे मिटलेले असतात. ती वासाच्या आणि उबेच्या आधाराने आईच्या कुशीत शिरतात व दूध पिताना तिचे पोट इवल्या पंजांनी दाबत राहतात. या दाबाने दूध उतरण्यास मदत होते. पुढे पिलू मोठे होते, दूध सुटते; परंतु ऊब, मऊ स्पर्श आणि निर्धास्तपणा एकत्र आले, की पंजे आपोआप चालू लागतात. म्हणजे ज्याच्या मांडीवर मांजर असे तिंबते, तेथे त्याला आईच्या कुशीइतकेच सुरक्षित वाटत असते. नखे लागतात ती रागाने नव्हे. आपल्या नखांनी माणसाच्या पातळ कातडीला इजा होते, याची त्या बिचाऱ्या प्राण्याला कल्पनाच नसते.

मांजराच्या पुढच्या प्रत्येक पायाला ५ आणि मागच्या प्रत्येक पायाला ४, अशी साधारणपणे एकूण १८ नखे असतात. कुत्र्याची नखे नेहमी बाहेर असतात. ती जमिनीवर घासून बोथट होतात. मांजराची व्यवस्था निराळी आहे. एरवी लवचीक बंध त्याची नखे आत ओढून धरतात, आणि तलवार म्यानात राहावी तशी ती कातडीच्या घडीत लपून राहतात. म्हणूनच मांजराच्या पावलांचा आवाज होत नाही. पंजा ताणला, की नखे बाहेर येतात. ती विळ्यासारखी आत वळलेली असल्यामुळे एकदा अडकली की सहज सुटत नाहीत. अशा वेळी हात हिसकावून घेतल्यास ओरखडा अधिक खोल जातो. त्याऐवजी पंजा हलकेच पुढे सरकवून वर उचलावा, म्हणजे नख निघून येते.

मांजर खुर्ची, दार किंवा गादी ओरबाडते, तेही खोडसाळपणाने नव्हे. सापाने कात टाकावी, तसे नखाचे जुने बाहेरील कवच या घासण्याने गळून पडते. अंगाचे स्नायू ताणले जाऊन आळस जातो. शिवाय पंजांतील ग्रंथींचा वास त्या जागी राहतो. माणसाला तो जाणवत नाही. मांजराला मात्र ती आपल्या हद्दीची खूण वाटते. ही सवय बंद करता येत नाही, तिला योग्य जागा मात्र देता येते. एका भक्कम लाकडी ओंडक्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून तो मांजराच्या निजण्याच्या जागेजवळ उभा करावा. मांजर ताणून उभे राहिले असता पुरेल इतकी त्याची उंची असावी आणि तो डगमगू नये. मांजराने तो वापरला, की त्याला लगेच खाऊ द्यावा. थोड्याच दिवसांत खुर्चीला विश्रांती मिळते.

मांडीवर घेताना जाड गोधडीची घडी अंथरावी. दर दोनतीन आठवड्यांनी मोठ्या माणसांनी नखांची टोके कापावीत. पंजा हलकेच दाबला असता नख बाहेर येते. त्याच्या मुळाकडील गुलाबी भागात रक्तवाहिन्या व ज्ञानतंतू असतात. तो सोडून केवळ टोकाचा पांढरा भाग कापावा. पिलांशी खेळताना बोटे नाचवू नयेत. दोरीला कागदाचा बोळा बांधून खेळवावे, म्हणजे माणसाचा हात ही शिकार नव्हे, हे ती लहानपणीच शिकतात. मारण्याने मात्र काहीच साधत नाही. मार कशासाठी बसला हे मांजराला समजत नाही. ते फक्त माणसाला भिऊ लागते. नखे फार बोचू लागली, तर त्याला शांतपणे उचलून बाजूला ठेवणेच बरे.

इतकी काळजी घेऊनही कधी ओरखडा उठतोच. रक्त आल्यास ती जागा साबणाने व वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि घरच्यांना सांगून डॉक्टरांना दाखवावी. मांजर भटके असेल तर मुळीच हयगय करू नये. रेबीज हा प्राणघातक रोग मांजरापासूनही होऊ शकतो.

काही देशांत शस्त्रक्रिया करून मांजराची नखे कायमची काढून टाकण्याची चाल पडली. परंतु नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवते, त्यामुळे ते काढणे म्हणजे त्या हाडासह बोटाचे टोकच तोडणे होय. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने सन २०१९ मध्ये कायद्याने ही गोष्ट बंद केली. आपल्याकडे त्रासलेली माणसे मांजराला पोत्यात घालून दूर सोडून येतात. घरच्या अन्नावर वाढलेल्या जीवाला ती शिक्षाही काही थोडी नव्हे.

सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारीच पुरलेल्या मांजराचा सांगाडा सापडला आहे. इतका जुना हा शेजार! गोधडीची एक घडी आणि दोरी गुंडाळलेला एक ओंडका, एवढ्यावर तो टिकत असेल, तर तो मोडण्याची घाई माणसाने का करावी?