जुना कंबरपट्टा फेकू नका. विळ्याच्या धारेला कामी येतो

भिवापूर : सोयाबीनची सवंगणी तोंडावर आली, की विळ्याची आठवण होते. खोचून ठेवलेला विळा काढायचा, सहाणेवर चार हात मारायचे अन् वावरात निघायचे, ही आपली रीत. पण थोड्याच वेळात विळा बोथटतो. बोथट विळ्याने झाड कापले जात नाही, हिसडले जाते. वाळल्या शेंगा तडकतात, दाणा मातीत सांडतो. विळा सटकून बोटावर आला, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठावा लागतो. त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

सहाणेवर घासल्यावर पात्याच्या कडेला पोलादाची केसासारखी कोर लोंबत राहते. बोटाला ती खरखरीत लागते. काम सुरू होताच ती दुमडते अन् धार गेल्यासारखी वाटते. ही कोर काढायचे काम चामडे करते. न्हावी वस्तरा चामडी पट्ट्यावर सटासट फिरवायचे ते याचसाठी. रोगाच्या भीतीने ब्लेड बदलायचे वस्तरे आले अन् धोकटीतला पट्टा मागे पडला. युक्ती मात्र अजून कामाची आहे.

पट्टा कसा करावा?

जुना कंबरपट्टा घ्या, पण अस्सल चामड्याचा. कापलेल्या कडेला तंतू दिसले तर चामडे. कापडाचा थर दिसला तर ते रेक्झीन, ते चालत नाही. बक्कल काढून हातभर सपाट फळीवर फेविकॉलने चिकटवा. खरबरीत बाजू वर ठेवा. रात्रभर दगडाखाली दाबा. धातूला पॉलिश करायची हिरवी वडी मिळाली तर वरून घासा. नसली तरी भागते.

पाते कसे फिरवावे?

पाठ पुढे, धार मागे. उलटे केले तर चामडेच कापले जाईल. सहाणेवरचा कोन इथेही ठेवा. पाठ जास्त उचलली तर धार गोल होते. दोन्ही बाजूंनी दहा-दहा हलके हात पुरे. पावशी, सुरी, खुरपे यांनाही हेच. कोयता, कुऱ्हाड जड. ती पक्की धरून पट्टा लावलेली काठीच पाठीकडून धारेकडे फिरवावी. लेकरांना जवळ येऊ देऊ नये.

याची मर्यादाही ओळखावी. दाते असलेल्या विळ्याला हा उपाय नाही. पात्याला खाच पडली असेल, तर आधी सहाण किंवा कुरुंदाचा दगडच हवा. कुरुंद हिऱ्याखालोखाल कठीण. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात पोहरा येथे त्याचा साठा आहे. पाते फारच झिजले तर लोहाराशिवाय इलाज नाही.

पट्टा पावसात भिजू देऊ नका. कडक झाला तर तेलाचे दोन थेंब चोळा. बचत गटाने किंवा ग्रामपंचायतीने सवंगणीआधी असे पाच-दहा पट्टे करून ठेवले, तर मजुरांची सोय होईल. खर्च म्हणाल तर फळी अन् फेविकॉलचा. विळे मात्र आजच तपासा; सवंगणीच्या सकाळी वेळ सापडत नाही.